उन्हाळी सुट्टीत मुलांचा दिवस घरच्या घरी कसा आखावा?

प्रश्न : विश्रामबागची आई

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. मुलगी दहा वर्षांची असून यंदा चौथीची परीक्षा देऊन मोकळी होईल, आणि मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. मी सकाळी साडेनऊला नोकरीसाठी घर सोडते ती सायंकाळी सहाला परतते, यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतात, आणि घरी सासूबाई असतात. त्यांचे वय अडुसष्ट असून गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. मे उजाडला की जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा आठवडे, ही तिघे दिवसभर घरात असतात.

गेल्या वर्षी मी मोठ्या हौसेने एक तक्ता तयार केला होता. सकाळी सात ते रात्री नऊ, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला वेगळा रंग : योगासने, पाढे, चित्रकला, इंग्रजी वाचन, कोडी, हस्तकला. तो फ्रिजच्या दारावर लावला आणि पाचव्या दिवशी मुलांनी काढून त्याचे विमान केले. विमानाचे मला हसूच आले, पण त्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “घड्याळ बघून पोरांच्या मागं पळायला माझे गुडघे आहेत का गं?” आणि मी वरमले. त्यानंतर घाईने एका उन्हाळी शिबिरात दोघांची नावे घातली, तर तेथे बहुतेक दिवस मुलांना दूरचित्रवाणीसमोरच बसवले जात असल्याचे मुलीकडून कळले. शुल्क अर्थातच परत मिळाले नाही.

यंदा सुट्टी घरीच, पण काही एक शिस्त असलेली आणि तरीही मजेची व्हावी अशी इच्छा आहे. माझी खरी अडचण दुपारी बारा ते पाच या वेळेची आहे, कारण उन्हामुळे बाहेर जाता येत नाही आणि घरात असले की हात मोबाइलकडे जातात. शिवाय दोघांच्या वयात जवळजवळ चार वर्षांचे अंतर असल्याने एकाला आवडते ते दुसऱ्याला एक तर जमत नाही किंवा बाळबोध वाटते. सासूबाईंवर भार न टाकता हे कसे साधावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.


उत्तर : निवृत्त शिक्षिका, मिरज

ताई, तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की लहान मुलांना वेळ पाळता येत नाही, क्रम मात्र उत्तम पाळता येतो. पहिलीतले मूल ‘सव्वाअकरा वाजले’ असे कधी म्हणत नाही, ‘प्रार्थना झाली, आता हजेरी’ असे म्हणते. तेव्हा तक्त्यातून घड्याळ काढून टाका आणि दिवसाला तीनच खुंट्या ठोका : उन्हाआधीचे काम, दुपारची शांतता आणि ऊन उतरल्यावरचा खेळ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो, त्यामुळे दिवसाचे अर्धे नियोजन उन्हानेच करून ठेवलेले असते आणि आपण त्याच्याशी भांडू नये हे बरे.

एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर जाण्याच्या खुणाही घरातल्याच ठेवाव्यात. आजींची पूजा आटोपून घंटा वाजली की सकाळचे काम सुरू, जेवणानंतर मुलांनी आपापली ताटे मोरीत नेऊन ठेवली की दुपारची शांतता सुरू, आणि समोरच्या घराची सावली आपल्या फाटकापर्यंत आली की चप्पल घालायला हरकत नाही. अशा खुणा असल्या की कोणालाही ओरडावे लागत नाही, आजींना तर मुळीच नाही.

आता सकाळच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण घोडे बहुधा येथेच अडते. वेळ जावा म्हणून दिलेले काम मुलांना चटकन ओळखू येते, आणि ज्यावाचून घराचे अडणार आहे असे काम दिले की तीच मुले वेगळी वागतात. मे महिन्यात आपल्या घरांत अशी कामे आयतीच असतात. कुरडयांचे उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलावे लागते. हे पाणी बदलण्याचे काम पूर्णपणे मुलीकडे द्या आणि रोज गव्हाचा एक दाणा बोटांनी चिरडून आत काय दिसते, वास कसा येतो, हे तिला वहीत दोन ओळींत लिहू द्या. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, फडक्यातून चीक गाळला की तो रात्रभर ठेवायचा, आणि सकाळी वरचे निवळ पाणी न ढवळता ओतून टाकायचे. हे ओतणे म्हणजे हाताच्या स्थैर्याची परीक्षाच असते, माझ्या वर्गातल्या कोणत्याही हस्तकलेपेक्षा कठीण. चीक शिजवण्याचे काम मात्र रविवारी तुम्ही स्वतः करा, कारण तो घट्ट होताना उडतो आणि चांगलाच भाजतो. मुलांच्या वाट्याला वाटीभर गरम चीक, त्यावर दूध आणि साखर. सोऱ्यातून कुरडया घालणे, वाळत घातल्यावर काठी घेऊन राखण करणे (हे साडेसहा वर्षांच्या मुलाचे मानाचे पद आहे, पण बसायचे जिन्याच्या सावलीत), सुकल्यावर मोजून डब्यात भरणे, असा आठवडाभराचा कार्यक्रम एका पदार्थात निघतो. शेवटी एक कुरडई तळण्यापूर्वी आणि तळल्यानंतर दोऱ्याने मोजायला सांगा. भागाकार शिकवायला वेगळे पुस्तक लागणार नाही. आणि मध्येच वळीव आला तर सगळ्या घराने गच्चीकडे धाव घ्यायची, हा सुट्टीतला सर्वांत मजेचा भाग असतो असे माझ्या नातवंडांचे म्हणणे आहे.

आणखी एक गोष्ट, जी सांगलीकरांना फुकट मिळते. ७ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास, नेमके बोलायचे तर दोन-तीन मिनिटे आधीच, सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. १ मेपासून रोज त्याच वेळी गच्चीवर एक बाटली उभी करून तिच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सावली आधी उत्तरेकडे पडते, रोज आखूड होत जाते, नाहीशी होते आणि मग चक्क दक्षिणेकडे पडू लागते. वर्षाच्या बहुतेक दिवसांत दुपारची सावली उत्तरेला पाहिलेल्या मुलांना हा मोठा धक्का असतो. पुण्यात कोणी मावसभावंडे असतील तर त्यांनाही कळवा, कारण तेथे हाच दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो. सूर्य पुण्याला जायला आठवडा का लावतो, या एका प्रश्नावर मुलीचा भूगोल वर्षभर चालेल. टोपी आणि पायांत चप्पल हवी, आणि पाच मिनिटांत खाली यायचे.


उत्तर : तासगावचा बाप

बाईंचे म्हणणे मान्य आहे, परंतु मला त्यात थोडी काटछाट सुचवायची आहे. शाळेत वर्षभर जे चालते तेच सुट्टीत कुरडयांच्या निमित्ताने चालवायचे, प्रत्येक गोष्टीची वही, प्रत्येक गोष्टीचे मोजमाप, हे मुलांना तिसऱ्या दिवशी उमगते आणि मग कुरडईही अभ्यास होऊन बसते. वही एकाच कामाला ठेवावी, बाकीची कामे नुसतीच होऊ द्यावीत.

माझा मुलगा नववीत आहे. तो लहान असताना आम्ही एकच प्रयोग केला होता. द्राक्षांचा हंगाम संपता संपता चार किलो द्राक्षे त्याच्यासमोर तोलून स्वतंत्र जाळीवर वाळायला घातली आणि बेदाणा झाल्यावर पुन्हा तोलली, तर एक किलोच्या आसपास भरली. “बाकीची तीन किलो कुठे गेली?” असे त्याने विचारले, आणि मी उत्तर न देता शेडमधल्या हवेकडे हात केला. तेवढे पुरले. त्यावर निबंध लिहायला सांगितला असता तर ते आज त्याच्या लक्षात राहिले नसते असे मला वाटते.

दुसरे असे की मुलांना कंटाळा येऊ द्यावा. “कंटाळा आला” हे वाक्य ऐकले की आपण पालक आग लागल्यासारखे धावतो. अर्धा तास थांबून पाहा, खाटेखाली काहीतरी सुरू झालेले असते.


उत्तर : माधवनगरची आजी

मी दोन नातवंडांना गेली पाच वर्षे प्रत्येक उन्हाळ्यात सांभाळते आहे, म्हणून आजीच्या बाजूने चार शब्द लिहिते. सूनबाई, तुम्ही आमच्या सगळ्यांचे मत विचारलेत, पण सासूबाईंना हे विचारलेत का? त्यांना काय करायला आवडेल, कोणत्या वेळी त्यांना कोणीही हाक मारू नये, आणि कोणते काम त्यांच्याने होणार नाही, हे आधी त्यांच्याकडून समजून घ्या आणि मग मुलांचा दिवस त्याभोवती बसवा. माझ्या मुलाने पहिल्या वर्षी माझ्या हातात यादी दिली होती. दुसऱ्या वर्षी मी त्याच्या हातात दिली.

माझ्या यादीत पहिली ओळ अशी आहे की जेवणानंतर दीड ते तीन मी आडवी होणार. त्या वेळेत मुलांनी झोपलेच पाहिजे असा आग्रह मी धरत नाही, कारण झोप सक्तीने येत नाही. पण आवाज खोलीबाहेर येता कामा नये, गॅसला हात लावायचा नाही, दाराची कडी काढायची नाही आणि गच्चीवर जायचे नाही. एवढी चार बंधने रोज तीच असल्यामुळे ती आता सांगावी लागत नाहीत. मोठीने वाचायचे, धाकट्याने तिच्याशेजारी चित्रे काढायची. पुस्तके वाचनालयातून एका वेळी दोनच आणते, कारण दहा आणली की एकही वाचून होत नाही.

तीन वाजता पन्हे किंवा ताक, आणि मग बैठे खेळ. तुमच्या मुलांच्या वयातील अंतराची चिंता पत्त्यांनी मिटेल. बदाम सातमध्ये लहान मुलाला आकड्यांचा क्रम कळला म्हणजे झाले, आणि मोठी मात्र आठ्ठी दाबून ठेवून सगळ्यांची कोंडी करायला शिकते. एकाच डावात दोघे आपापल्या इयत्तेचे खेळतात. झब्बू, सागरगोटे, चल्लस हेही तसेच. चल्लसचा पट फरशीवर खडूने आखता येतो, कवड्या नसतील तर चिंचोके मधोमध फोडून घ्यावेत. सागरगोटे मी स्वतः बसल्या जागी खेळते, त्याला गुडघे लागत नाहीत, आणि मी अजून हरत नाही.

मोबाइलचे म्हणाल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत ठेवावा असे सांगितले आहे, आणि त्यात दूरचित्रवाणीही आली. आमच्याकडे दुपारी मोबाइल नाहीच, तो माझ्या उशाखाली असतो. रात्री सगळ्यांनी मिळून क्रिकेटचा सामना बघायचा असेल तर बघावा. कोणी एकट्याने कोपऱ्यात बसून बघायचे नाही, एवढाच नियम पुरतो.

एक काळजीची गोष्ट सांगते. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे पाठीला डबा बांधून कृष्णेत उड्या, आणि घरातले आजोबा ती आठवण रंगवून सांगतात तेव्हा मुलांचे पाय शिवशिवतात. आता औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत, शिवाय वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पोहायला शिकवायचेच असेल तर तलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली शिकवावे, आणि नदीवर मोठ्यांशिवाय जायचे नाही हे दोघांकडून वदवून घ्यावे.


उत्तर : हौशी नाटकवाला

आजींच्या यादीला माझा नमस्कार. मी फक्त सहा आठवड्यांच्या लांबीबद्दल लिहितो, कारण रोजचा क्रम बसला तरी तिसऱ्या आठवड्यात मुलांचा उत्साह ओसरतो. पुढे कशाची तरी वाट पाहायला हवी असते. आपण सांगलीचे लोक, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग याच गावात केला, तेव्हा जूनच्या पहिल्या रविवारी घरात एक नाटक होणार असे मे उजाडताच जाहीर करून टाका. नाटक दहा मिनिटांचे पुरते. गोष्ट मुलांचीच असावी आणि ती मोठ्यांनी सुधारू नये, हे फार अवघड असले तरी पाळावे.

वयातील अंतर येथे अडचण राहत नाही, उलट कामी येते. मुलगी लिहील आणि बसवील, मुलगा पडदा ओढील आणि आवाज काढील. पावसाचा आवाज पत्र्याच्या डब्यात तांदूळ हलवून निघतो, घोडा नारळाच्या दोन करवंट्यांवर धावतो आणि विजेसाठी जुना पत्रा नुसता झटकावा लागतो. धाकट्याला माणसांसमोर उभे राहण्याचा संकोच असेल तर जुन्या मोज्यांच्या बाहुल्या करून त्याला खाटेमागे लपू द्या. विष्णुदास भावेही बाहुल्या करीत, तेव्हा परंपरा सोडल्याचा दोष येणार नाही.

आमंत्रणपत्रिकांसाठी एक युक्ती आहे. पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून कापसाच्या काडीने पांढऱ्या कागदावर मजकूर लिहावा आणि वाळू द्यावा. काहीही दिसत नाही. पाहुण्याने त्यावर हळदीचे पाणी फिरवले की अक्षरे लालसर उमटतात, कारण हळद अल्कली लागली की रंग बदलते. त्यावर लिंबू पिळले की लाली जाऊन पिवळा रंग परत येतो. चुना आणि हळद एकत्र केली की कुंकू होते, त्यामागे हेच कारण आहे. हळदीच्या पेठेत राहून मुलांना हे ठाऊक नसावे हे मला नेहमी खटकते. पत्रिकेसोबत हळदीची पुडी द्यायला विसरू नका, नाहीतर आमच्यासारखे होईल : पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना कोरे कागद मिळाले आणि नाटकाला कोणीच आले नाही.


पुन्हा : विश्रामबागची आई

सर्वांचे मनापासून आभार. माधवनगरच्या आजींनी विचारलेला प्रश्न वाचून मी काल रात्री जेवणानंतर सासूबाईंजवळ बसले आणि यंदा पहिल्यांदाच त्यांना सुट्टीबद्दल विचारले. त्यांचे म्हणणे असे की सकाळी दोघांनी त्यांच्याबरोबर भाजीवाल्यापर्यंत चालत यावे, कारण एकटीने जायची त्यांना आता भीती वाटते आणि हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. पिशवी मुलगी धरील, हिशेब मुलगा करील आणि रस्ता ओलांडताना दोघे आजीचा हात धरतील असे ठरले. दुपारी दोन ते साडेतीन त्यांची विश्रांती. त्यानंतर पत्ते, पण झब्बू नको, मेंढीकोट हवे, अशी त्यांची अट आहे. चौथा गडी कोठून आणायचा हा प्रश्न समोरच्या काकूंनी सोडवला.

तासगावच्या भाऊंचे ऐकून वही फक्त सावलीसाठी ठेवली आहे. मुलीने खडू आजच गच्चीच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. मुलाला नाटकापेक्षा पत्रा झटकण्याचे आकर्षण अधिक आहे, आणि शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचा विचार करून त्याची तालीम सायंकाळीच घ्यावी लागेल. यजमानांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात ते दिवसा झोपतात, तेव्हा तालमी समोरच्या काकूंच्या अंगणात होतील.

कुरडयांचे मात्र अडले आहे. सासूबाईंचा पितळी सोऱ्या माळ्यावर सापडला, त्यातली शेवेची आणि चकलीची चकती आहे, कुरडईची नाही. त्या म्हणतात की नवा सोऱ्या आणू नकोस, नव्याचा दांडा दोन वर्षांत निसटतो. जुन्या सोऱ्याला बसणारी सुटी चकती सांगलीत मिळते का?


उत्तर : निवृत्त शिक्षिका, मिरज

मिळते. पितळी भांड्यांच्या कोणत्याही जुन्या दुकानात चकत्यांचा डबा असतो, पण मापे सारखी नसतात, त्यामुळे अंदाजाने आणू नका, सोऱ्याच बरोबर घेऊन जा आणि दुकानातच चकती बसवून, दोनदा फिरवून पाहा. मुलीलाही न्या. बसली नाही तर कडा घासून देणारा कारागीर कोठे बसतो हे दुकानदारच सांगेल. गहू मात्र चकती हातात आल्यावरच भिजत घाला.